लांब शॉक काढा, ट्रक खाली आणा: एससीएक्स-१० टूच्या सस्पेन्शनची फेरजुळणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. ॲक्सियल एससीएक्स-१० टू हा १/१० मापाचा क्रॉलर, म्हणजे खडकांवरून सावकाश चढणारी रिमोटची गाडी. मूळचे ९० मिमी शॉक काढून १०० मिमीचे बसवले, छतावर धातूचा कॅरिअर लावला, मोठी बॅटरी मागे सरकवली. आता तीव्र चढावर नाक उचललं जातं, मागची चाकं टणाटण उडतात, आडव्या उतारावर गाडी पूर्वीपेक्षा लवकर कलंडते आणि थ्रॉटल दिला की बॉडी एका बाजूला पिळते. कोणता सस्पेन्शन सेट घ्यावा?

सध्या कुठलाच घेऊ नका. या चारही तक्रारी गाडी उंच झाल्यामुळे सुरू झाल्या किंवा वाढल्या आहेत. रेसिंगच्या ट्रकला उडीनंतरचा धक्का गिळायला शॉक लागतो. क्रॉलर माणसाच्या चालीने चालतो, त्याला धक्के नसतातच. इथे शॉकचं काम एवढंच, की चाक खड्ड्यात खाली लोंबलं पाहिजे आणि तेवढ्यात बॉडी जागची हलता कामा नये. म्हणून क्रॉलरमध्ये शॉकचा बराचसा प्रवास खालच्या दिशेला राखून ठेवतात. याला ड्रूप म्हणतात.

आधी उंचीचा हिशोब. आडव्या उतारावर गाडी कधी कलंडेल हे दोन मापांवर ठरतं: मध्यरेषेपासून टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची. पहिलं माप ११० मिमी आणि उंची ९५ मिमी धरली, तर कलंडण्याचा कोन साधारण ४९ अंश येतो. शॉक बदलून चासी १० मिमी वर गेली की तोच ४६ वर येतो. टायर दबतो, बॉडी झुकते, त्यामुळे प्रत्यक्षात दोन्ही आकडे आणखी कमी भरतात. खडकावर तीन अंश पुष्कळ असतात.

तुमच्या गाडीची खरी उंची काढायची असेल तर एका फळीवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, गाडी आडवी उभी करा, फळी हळूहळू उचला आणि वरची चाकं सुटताना फोनवरच्या कोनमापकावर कोन वाचा. अर्धी रुंदी भागिले त्या कोनाचा टॅन्जंट, की झाली उंची. ही फळी जपून ठेवा. पुढे केलेला प्रत्येक बदल याच फळीवर तपासायचा आहे, आणि एका वेळी एकच बदल करायचा आहे.

आता वजन. बाजारात पितळेचे नकल (पुढचं चाक ज्यावर वळतं तो भाग), पितळेची डिफ कव्हरं (ॲक्सलच्या गिअरवरची झाकणं), चाकात भरायची वजनं असं बरंच काही मिळतं आणि लोक ते आधी विकत घेतात. पण अडीच किलोच्या गाडीत पुढच्या दोन चाकांत मिळून १२० ग्रॅम घातले, तर गुरुत्वमध्य जेमतेम पावणेदोन मिमी खाली येतो. छतावरचा १०० ग्रॅमचा कॅरिअर नुसता काढून ठेवला, तर तोच जवळजवळ पाच मिमी उतरतो. कॅरिअरची हौस असेल तर थ्रीडी प्रिंटचा हलका लावा. धातूचा फोटोपुरता ठेवा.

बॅटरीचंही तसंच. दोन घरगुती डिजिटल काटे घ्या, एकावर पुढची चाकं, दुसऱ्यावर मागची. तुमची बॅटरी मागे आहे, म्हणजे पुढे फार तर ५० ते ५२ टक्के भार भरेल. २०० ग्रॅमची बॅटरी १८० मिमी पुढे आणली, की ३१३ मिमीच्या व्हीलबेसवर (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) सुमारे ११५ ग्रॅम भार मागून पुढे जातो आणि ५२ चे साडेछप्पन टक्के होतात. खर्च शून्य. बॅटरी मोठीच हवी असा हट्ट धरू नका. लहान, आखूड बॅटरी सर्वोच्या (स्टीअरिंग वळवणाऱ्या छोट्या मोटरच्या) मागे किंवा वर मावते आणि क्रॉलर एरवीही वीज कमीच खातो.

याचा चढावर काय फरक पडतो तेही पाहा. ४० अंशांच्या चढावर, गुरुत्वमध्य ९५ मिमीवर आणि सपाटीवर पुढे ५५ टक्के भार असेल, तर पुढच्या चाकांवर सुमारे ३० टक्के भार उरतो. उंची १०५ आणि सपाटीचा भार ५० टक्के असेल, म्हणजे तुमची आजची अवस्था, तर उरतात २२. त्यात मागून एक उसळी आली की नाक हवेत.

यानंतरही वजन घालावंसं वाटलं तर ॲक्सलच्या उंचीवर किंवा त्याखाली घाला, आणि पुढेच घाला. गाड्यांच्या टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंगसाठी ५ आणि १० ग्रॅमचे चिकट तुकडे असलेली पट्टी मिळते. बीडलॉक रिमच्या (टायर स्क्रूने आवळून धरणाऱ्या रिमच्या) आत तीच लावा. रिमची आतली बाजू स्पिरिटने पुसून घ्या, नाहीतर पावसाळ्यात एक तुकडा सुटतो आणि टायरच्या आत खडखडत राहतो. रेसिंगवाले चाकातल्या वजनाच्या नावाने बोटं मोडतात, कारण वेगात जड चाक जमीन सोडतं. क्रॉलरच्या वेगाला तो प्रश्न येत नाही.

मग शॉक. ९० मिमीचे परत बसवा. १०० मिमीचेच वापरायचे असतील तर वरचा माउंट तेवढाच वर न्यावा लागेल, आणि मग पूर्ण दाबल्यावर टायर मडगार्डला घासतो का हे बघावं लागेल. बहुतेक बॉडींत घासतो.

ड्रूप असा मोजा. शॉकच्या दोन्ही टोकांच्या भोकांमधलं अंतर व्हर्नियरने तीनदा घ्यायचं: एकदा गाडी हवेत धरून चाकं लोंबत असताना, एकदा स्प्रिंग काढून शॉक पूर्ण दाबून, आणि एकदा बॅटरी-बॉडीसकट गाडी टेबलावर उभी करून, दोनदा हाताने दाबून सोडल्यावर. समजा ही मापं ९०, ६२ आणि ७१ आली. एकूण प्रवास २८, त्यातला खाली उतरायला शिल्लक १९, म्हणजे ६८ टक्के ड्रूप. मागे ७० च्या आसपास आणि पुढे ५० ते ५५ ठेवावा, असं माझं मत. मागचा भाग आधीच बसलेला असला की चढावर त्याला आणखी बसायला जागा राहत नाही. पुढचा कमी ठेवायचा कारण चढावर पुढचे शॉक उलगडतात आणि नाक वर ढकलतात.

पुढचं उलगडणं थांबवायला शॉकच्या आत, पिस्टनच्या खाली, शाफ्टवर ३ मिमी आतल्या व्यासाचे नायलॉन स्पेसर घाला. ३ मिमी लांबीचा एक स्पेसर म्हणजे प्रवासातले ३ मिमी कमी. दोन्ही बाजूंना सारखेच घाला आणि ५-६ मिमीपेक्षा पुढे जाऊ नका, नाहीतर मोठ्या दगडावर एक पुढचं चाक अधांतरी राहील.

मागे ड्रूप वाढवायला सर्वांत मऊ स्प्रिंग घ्या आणि कॉलर (स्प्रिंगवरची फिरती कडी) पूर्ण वर फिरवा. दुकानदाराच्या रंगखुणांवर विश्वास ठेवू नका. एका कंपनीची मऊ ती दुसरीची मध्यम असते. काट्यावर स्प्रिंग उभी धरून १० मिमी दाबा आणि ग्रॅम वाचा. चारही स्प्रिंगा अशा मोजल्या की जोड्या लावता येतात. एकाच पाकिटातल्या दोन स्प्रिंगा सारख्या नसणं अजिबात नवलाचं नाही. शॉक तिरका बसवला तरी स्प्रिंग मऊ भासते. उभ्या रेषेपासून ३० अंश कललेल्या शॉकचा परिणाम ७५ टक्के उरतो, ४५ अंशांवर निम्मा. स्प्रिंग विकत घेण्याआधी वरच्या माउंटचं दुसरं भोक वापरून बघा.

याच्या पुढची पायरी म्हणजे बाहेरची स्प्रिंग काढून टाकणं आणि आत, पिस्टन आणि खालच्या टोपणाच्या मध्ये, बॉलपेनची स्प्रिंग घालणं. ती ३ मिमीच्या शाफ्टवर बसते, पिस्टनला वर ढकलते आणि चासीला खाली खेचून धरते. आडव्या उतारावर हे फार छान चालतं: नेहमीच्या स्प्रिंगा वरच्या बाजूला उलगडून बॉडीला दरीकडे ढकलतात, इथे उलट ती बाजू ओढून धरली जाते. पण पेनची स्प्रिंग अर्धी कापून घाला. आख्खी घातली तर तिची वेटोळी एकमेकांवर बसून ८-१० मिमी प्रवास खातात आणि ड्रूपसाठी केलेल्या खटाटोपात ड्रूपच कमी होतो. तुमच्या गाडीला मात्र ही पायरी सध्या सुचवत नाही. कारण पिळण्याच्या तक्रारीत येईल.

तेल. अंकांची गंमत अशी, की ३० वेट, ४० वेट हे आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे. सेंटिस्टोक (तेलाच्या दाटपणाचं एकक) हा आकडा बघून घ्या. असोसिएटेडचं ३० वेट म्हणजे ३५० सेंटिस्टोक, ४० वेट म्हणजे ५००. क्रॉलरला ३५० ते ५०० च्या मध्ये ठेवा. गाडी उचलल्यावर चाकं सुमारे सेकंदाभरात पूर्ण खाली आली पाहिजेत. धाडकन पडली तर तेल पातळ. सावकाश रांगत उतरली तर जाड, आणि मग दगड ओलांडून झाल्यावर चाक जमिनीला टेकायला उशीर होतो, तेवढा वेळ ते नुसतं फिरतं.

सिलिकॉन तेलच वापरा. मोटरसायकलच्या फोर्कचं तेल हाताशी असतं आणि आकडाही जुळतो म्हणून ते भरण्याचा मोह होतो. ते खनिज तेल आहे. त्याने ओ-रिंग फुगतात, शाफ्ट जड चालतो आणि थोड्याच दिवसांत गळती सुरू होते.

भरताना शाफ्ट पूर्ण बाहेर ओढा, तेल काठोकाठ भरा, पिस्टन हळू वर-खाली करा आणि दहा मिनिटं उभा ठेवा. बुडबुडे वर आले की पुन्हा काठोकाठ भरा. यापुढची कृती महत्त्वाची: शाफ्ट पूर्ण आत ढकला, जास्तीचं तेल सांडू द्या आणि त्याच स्थितीत टोपण घट्ट करा. शाफ्ट बाहेर असताना टोपण लावलं, तर आत येणाऱ्या शाफ्टला जागाच उरत नाही. शॉक अर्ध्यावर अडतो, ड्रूपचं माप चुकीचं येतं आणि आपण स्प्रिंगला दोष देत बसतो. आत ढकलून बंद केलेला शॉक बाहेर ओढला की हलकेच परत आत जाऊ पाहतो. क्रॉलरला नेमकं हेच हवं. शाफ्ट पकडताना पक्कड थेट लावू नका, सायकलच्या ट्यूबचा तुकडा मध्ये घ्या. शाफ्टवर उठलेला एक ओरखडा ओ-रिंग कापत राहतो.

आता मागची चाकं उडण्याची तक्रार. ही लिंकच्या (ॲक्सल चासीला जोडणाऱ्या दांड्यांच्या) कोनांची आहे, शॉक कितीही बदलले तरी जायची नाही. मागच्या ॲक्सलला चार लिंक आहेत, दोन खालच्या आणि दोन वरच्या. बाजूने पाहिलं तर त्यांच्या रेषा पुढे वाढवल्यावर एका बिंदूत मिळतात. मागचा टायर जमिनीला टेकतो तिथून त्या बिंदूतून रेषा काढा आणि ती पुढच्या ॲक्सलच्या सरळ वर किती उंचीवर पोहोचते ते बघा. ती उंची भागिले गुरुत्वमध्याची उंची, म्हणजे अँटी-स्क्वॉट. शंभर टक्क्यांना थ्रॉटल दिल्यावर मागचा भाग बसतही नाही, उठतही नाही. फार कमी असेल तर बसतो. फार जास्त असेल तर उठतो, टायर जमिनीत रुततो, पकड सुटते, मागचा भाग पडतो, पुन्हा पकडतो. तुमचं टणाटण ते हेच.

कागदावर १:१ चित्र काढा, आलेखाचा कागद असेल तर उत्तम. उदाहरणादाखल मापं: मागच्या ॲक्सलपासून पुढे मोजून, खालची लिंक १० मिमीवर ४८ मिमी उंच आणि ११० मिमीवर ६२ मिमी उंच, वरची लिंक ॲक्सलवर ८५ मिमी उंच आणि १०० मिमीवर ८०. रेषा साधारण २०२ मिमीवर, ७५ मिमी उंचीवर मिळतात. ३१३ मिमीवर रेषेची उंची येते ११६, आणि गुरुत्वमध्य ९५ धरला तर अँटी-स्क्वॉट १२२ टक्के. आता चासी १० मिमी उचला. लिंकांची चासीकडची दोन्ही टोकं तेवढी वर जातात, गुरुत्वमध्यही १०५ होतो, आणि हिशोब येतो १३७ टक्के. लांब शॉकने चाकं का उडायला लागली ते इथे दिसतं.

उलट दिशेने जाऊ. मूळ उंचीवर वरच्या लिंकचं चासीकडचं टोक ३ मिमी वर घेतलं की १२२ चे ११० होतात; ६ मिमी घेतलं की ९८. म्हणजे भोक एक वर घेणं किंवा माउंटखाली स्पेसर देणं, एवढ्यानेच काम होतं. हा हिशोब सगळा जोर मागच्या चाकांतून येतो असं धरतो. चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाडीत सपाटीवर ते खरं नाही, पण तीव्र चढावर भार मागेच असतो, त्यामुळे ९० ते १०० चं लक्ष्य ठेवायला हरकत नाही.

भोक बदललं की वरच्या लिंकची लांबीही जुळवावी लागते, कारण तिच्यावर ॲक्सलच्या नाकाचा (मोटरकडून येणारा ड्राइव्हशाफ्ट जिथे जोडतो त्या तोंडाचा) कोन ठरतो. मागे वरच्या लिंक लांब केल्या की नाक वर उठतं, आखूड केल्या की खाली जातं. एम-३ आट्यांचा पिच अर्धा मिमी, तेव्हा रॉड एंडचा (लिंकच्या टोकाला आट्यांनी बसणाऱ्या कडीचा) एक पूर्ण फेरा म्हणजे ०.५ मिमी, वरच्या आणि खालच्या लिंकमध्ये ४० मिमी अंतर असेल तर तेवढ्याने नाक ०.७ अंश फिरतं. ड्राइव्हशाफ्टचे दोन्ही युनिव्हर्सल जॉइंट पूर्ण ड्रूपमध्येही न अडता फिरले पाहिजेत. मोटरची पिनियन (मोटरवरचं छोटं गिअर) सोडून शाफ्ट हाताने फिरवून बघा. सरकणाऱ्या शाफ्टचे दोन तुकडे एकमेकांत किमान १० मिमी आत राहिले पाहिजेत, नाहीतर शाफ्ट दरीच्या तोंडाशीच सुटतो.

पुढच्या ॲक्सलची गोष्ट थोडी अडचणीची आहे. तिथे वरची लिंक आखूड केली तर कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा मागे कललेला कोन) वाढतो पण नाक खाली जातं. लांब केली तर उलट. दोन्ही हवं तसं मिळत नाही. ड्राइव्हशाफ्टचा कोन आधी सांभाळा.

खालच्या दोन लिंक मात्र भोक ते भोक ०.२ मिमीच्या आत सारख्या हव्यात. फरक राहिला तर ॲक्सल वाकडा बसतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. मग ट्रिम फिरवून स्टीअरिंग सरळ करतात, आणि एका बाजूचा वळणाचा आवाका जातो. लिंकच्या धातूत एम-३ किमान ५-६ मिमी आत गेला पाहिजे. निळा थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) फक्त धातूवर धातू असेल तिथे. प्लॅस्टिकच्या रॉड एंडला लागला तर त्याला चिरा पडतात.

पिळणं. मोटरचा जोर लांबीच्या दिशेने जाणाऱ्या ड्राइव्हशाफ्टमधून जातो आणि त्याची प्रतिक्रिया चासीला उलट्या बाजूला फिरवते. हे पूर्ण जात नाही, कमी करता येतं. गाडीचं नाक भिंतीला टेकवा, थ्रॉटल हलका टिचका आणि कुठली बाजू उठते ते बघा. मग मागच्या दोन कॉलरमध्ये १ ते १.५ मिमी फरक ठेवा: उठणाऱ्या बाजूची कॉलर सैल, बसणाऱ्या बाजूची घट्ट. त्याहून जास्त दिलात तर गाडी उभीच वाकडी दिसेल आणि एका बाजूच्या उतारावर चांगली, दुसऱ्या बाजूच्या उतारावर वाईट चालेल. स्प्रिंग जितकी मऊ तितकं पिळणं जास्त. म्हणूनच बॉलपेनची स्प्रिंग तुम्हाला आत्ता सुचवली नाही.

मूळ उपाय ॲक्सलमध्ये आहे. एआर४४ ॲक्सलमध्ये ३० आणि ८ दातांचे गिअर, म्हणजे ३.७५ पट घट. ॲक्सलमध्ये किंवा चाकाजवळ घट जितकी जास्त, तितका त्याच जोरासाठी शाफ्टवरचा पीळ कमी. २०१७ च्या ट्रॅक्सस टीआरएक्स-४ मध्ये आणि २०२० च्या एससीएक्स-१० थ्रीमध्ये चाकाजवळ पोर्टल गिअर (ॲक्सलच्या टोकाला आणखी घट देणारे गिअर) आहेत, त्या कमी पिळतात याचं कारण तेच. पण तेवढ्यासाठी ॲक्सल बदलू नका; खर्चाच्या मानाने मिळतं फार थोडं.

एससीएक्स-१० टूचा सर्वो चासीवर असतो आणि पुढच्या ॲक्सलला पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) आहे. सर्वोकडून नकलला जाणारा रॉड आणि पॅनहार्ड हे समोरून पाहताना समांतर आणि लांबीने जवळपास सारखे हवेत. नसले तर शॉक दबताच चाकं आपोआप वळतात. पॅनहार्ड जितका तिरका, तितका ॲक्सल बाजूला सरकतो: १०० मिमीच्या रॉडचं एक टोक १० मिमी खाली असेल तर अर्धा मिमी, २० मिमी खाली असेल तर दोन मिमी. ९० मिमीचे शॉक परत लावल्यावर ॲक्सल मध्यावर येतो का ते दोन्ही टायरपासून चासीपर्यंत मोजून बघा, आणि नसेल तर पॅनहार्डचा रॉड एंड अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने फिरवा.

कामाचा क्रम असा ठेवा: कॅरिअर आणि बॅटरी, मग ९० मिमीचे शॉक, मग फळीवरची चाचणी, मग तेल आणि स्प्रिंग, मग वरच्या लिंकचं भोक, सर्वांत शेवटी कॉलरमधला फरक. पहिल्या दोनांनंतर गाडी खडकावर नेऊन बघाच. बऱ्याचदा पुढचं निम्मं काम करावंच लागत नाही. कोकणात जांभ्यावर चालवत असाल तर दर फेरीनंतर शॉकचे शाफ्ट कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका. जांभ्याची लाल भुकटी ओली झाली की टोपणाच्या तोंडाशी चिकटून बसते आणि पुढच्या वेळी शाफ्टसोबत थेट ओ-रिंगवर जाते. नवीन भरलेलं तेल पहिल्या तीन-चार बॅटऱ्यांनंतर एकदा बदला. त्यात पिस्टनची आणि शॉकच्या बॉडीची घासून निघालेली राखाडी भुकटी दिसेल, ती नंतर येत नाही.